घरातल्या सवयींचा पर्यावरणावर भार किती? आपला अंदाज नेमका कुठे फसतो

प्रश्न असा आहे: "आम्ही पुण्यात राहतो, घरात चौघं, सहाव्या मजल्यावर फ्लॅट. कापडी पिशव्या, बांबूचे टूथब्रश, ओला-सुका कचरा वेगळा, रात्री मोबाईलचे चार्जर सॉकेटमधून काढून ठेवणं, हे सगळं मी नेमाने करते. नवरा म्हणतो, एका घराने काय होणार. सासूबाई म्हणतात, आम्ही हे कुणी न शिकवता करत होतो. यातल्या कोणत्या सवयीने खरंच फरक पडतो, हे घरच्या घरी कसं ठरवायचं? आणि पंधरा-सोळा वर्षांचा जुना फ्रीज आहे, तो बदलावा का?"

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण तुमची यादी वाचताना माझी नजर आधी गेली ती तिच्यात काय नाही यावर. गीझर नाही, एसी नाही, गाडी नाही, सुट्टीतला विमानप्रवास नाही. यातलं काहीतरी तुमच्याकडे असणारच. मग ते यादीत का आलं नाही?

मी ऊर्जा लेखापरीक्षणाचं काम करतो. सोसायट्या, हॉस्पिटलं, छोटे कारखाने आणि अधूनमधून एखादं घर. घरी गेलो की मीटर उघडण्याआधी विचारतो, "तुमच्या मते सगळ्यात जास्त वीज कोण खातं?" उत्तरं जवळपास पाठ झाली आहेत. मुलं दिवे चालू ठेवतात. टीव्ही दिवसभर सुरू असतो. नेटचा राउटर रात्रीही चालू राहतो. गीझरचं नाव सहसा शेवटी येतं, तेही मी बाथरूमकडे मान वळवल्यावर.

हे काही आपल्याच लोकांचं नाही. शाहझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ५०५ लोकांना हेच विचारलं होतं. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. वीज-इंधन वाचवायला सर्वांत परिणामकारक काय, यावर सर्वाधिक लोकांचं उत्तर होतं: दिवे बंद करणं. उपकरणांची खपत आणि बचत लोकांनी सरासरी २.८ पट कमी धरली होती. त्यातही गंमत अशी की छोट्या वस्तूंचा अंदाज फारसा चुकला नव्हता, काहींचा तर थोडा जास्तच होता. चुकला तो मोठ्यांचा. म्हणजे माणसाच्या मनातली पट्टी आखूड असते, तिच्यावर बल्ब आणि गीझर शेजारी शेजारी येऊन बसतात.

ही पट्टी ताणायचा एक फुकटचा उपाय तुमच्या जिन्याखालीच आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो. घरगुती सिंगल फेज मीटरवर बऱ्याचदा ३२०० असतो. अर्थ असा की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. (तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर हिशेब त्याप्रमाणे बदला.) आता घरातलं सगळं बंद करून एकेक उपकरण लावायचं आणि एकाने खाली उभं राहून मोजायचं. नऊ वॉटचा एलईडी बल्ब लावला तर दिवा साधारण दोन मिनिटांतून एकदा लुकलुकतो, बघणारा कंटाळतो. जुना पंखा पूर्ण वेगात लावला तर मिनिटाला चार वेळा. दोन किलोवॉटचा गीझर लावला की सेकंदाला जवळपास दोनदा. मुलांना हे काम द्या, नंतर घरात दिव्यांवरून होणारी भांडणं आपोआप कमी होतात. चार्जरचा नुसता सॉकेटमध्ये राहून होणारा खर्च या दिव्यावर पाहायचा म्हटलं तर तीन तास बसावं लागेल. खरं तर एवढ्याशा भाराने मीटर हलतच नाही.

आता आकड्यांत. वीस लिटरच्या बादलीतलं पाणी वीस अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो, तोही गीझरची टाकी तोवर गार पडली नाही असं धरून. मोबाईलचा आजकालचा चांगला चार्जर नुसता लावून ठेवला तर ०.१ वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे वर्षभरात एका युनिटापेक्षा कमी. तुमच्या घरातले चार चार्जर वर्षभर काढलेच नाहीत, तर त्यात तुम्हा चौघांच्या दोन दिवसांच्या आंघोळीचं पाणी तापेल. एवढंच. काढून ठेवायची सवय सोडा असं मी म्हणत नाही, पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हा ती उपयोगीच पडते. पण त्या सवयीतून "आपण आपला वाटा उचलला" असं समाधान मिळत असेल, तर ते समाधान महागात पडतं. त्याच कोपऱ्यातला सेट-टॉप बॉक्स बघा. टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो बऱ्याच घरांत दहा-एक वॉट घेत चोवीस तास जागा असतो, वर्षाला ऐंशीच्या वर युनिट. चार्जर आणि तो एकाच स्विचबोर्डवर असतात, आणि रात्री उठून काढला जातो तो चार्जर.

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. प्रकाश दिसतो, उष्णता दिसत नाही. जे डोळ्यांना दिसतं, हाताने करावं लागतं आणि रोज करावं लागतं, ते मोठं वाटतं. थर्मोस्टॅटवर चालणारी वस्तू मात्र आपल्या मागे गुपचूप काम करते, आणि आपण तिला एकदाच बटण दाबून विसरतो. माझा रोजच्या कामातला ठोकताळा असा: जे तापवतं, जे गार करतं आणि जे माणसाला वाहून नेतं, ते आधी बघा. जे उजेड देतं किंवा आवाज करतं, ते नंतर. कागदावर हिशेब न करता एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्याहून जास्त अंदाज सुधारतात.

पुण्यात गच्चीवर सोलर हीटर असला की लोक आंघोळीचा विषय संपला असं मानतात. तिथेही जरा थांबून बघावं. गच्चीतून खाली येणाऱ्या पाइपमध्ये मीटरला साधारण तीनशे मिली पाणी मावतं. गच्ची तुमच्या फ्लॅटपासून तीस मीटर पाइपाच्या अंतरावर असेल, तर गरम पाणी यायच्या आधी नऊ-दहा लिटर गार पाणी येतं. बहुतेक घरांत ते मोरीत जातं. एक बादली त्याच्यासाठीच ठेवा, फरशी पुसायला होते. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. टाकीत पावसाळ्यासाठी विजेचा कॉइल बसवलेला असतो आणि त्याचा स्विच कधीकधी सप्टेंबर उलटला तरी चालूच राहतो. दोनशे लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला जवळपास सहा युनिट लागतात. अशा सोसायटीत सगळ्यांना वाटत असतं, आपण उन्हावर आंघोळ करतो. प्रत्यक्षात वीज कॉमन मीटरवर पडत असते, आणि कॉमन मीटरचं बिल कुणी वाचत नाही.

बिलावरून आठवलं. महावितरणच्या बिलावर लोक रक्कम बघतात, मागच्या महिन्याशी ताडून बघतात आणि ठेवून देतात. रकमेत स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन असतं, वीज शुल्क असतं, शिवाय शंभर आणि तीनशे युनिटांचे टप्पे ओलांडले की दर बदलतो. त्यामुळे रक्कम वाढली म्हणजे वापर वाढला असं नसतं आणि कमी झाली म्हणजे घटला असंही नसतं. पर्यावरणाच्या हिशेबाला लागतात ती युनिटं. मागच्या बारा महिन्यांच्या वापराचा आलेख बिलावरच असतो. त्यात एप्रिल-मे किती चढतात आणि डिसेंबर-जानेवारी किती, एवढं पाहिलं तरी घरात एसी भारी आहे की गीझर, हे कळतं.

युनिटांवरून कार्बनवर यायचं तर देशाच्या ग्रीडसाठी, म्हणजे देशभर वीज पोचवणाऱ्या जाळ्यासाठी, केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी आकडा काढतं. सध्या तो युनिटामागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या थोडा वर आहे, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. पेट्रोल लिटरमागे २.३ किलो, डिझेल २.७ किलो, आणि १४.२ किलोचा एक सिलिंडर जाळला की बेचाळीस किलोच्या आसपास. हे आकडे हाताशी ठेवून तुमच्यासारखं एक घर मांडून बघू. महिन्याला दीडशे युनिट वीज धरली तर वर्षाला साधारण साडेबाराशे किलो. वर्षाला नऊ सिलिंडर धरले तर पावणेचारशे-चारशे. कुणी एकटा गाडीतून रोज बारा किलोमीटर जात आणि तेवढंच परत येत असेल, तर पुण्याच्या ट्रॅफिकमधल्या ॲव्हरेजने वर्षाला टनाच्या घरात. आणि चौघं विमानाने दिल्लीला जाऊन आलात, तर माणशी एका खेपेला शंभर किलोच्या आसपास धरून आठशे किलो, दोन-दोन तासांच्या दोन प्रवासांत. या चार आकड्यांसमोर चार्जर ठेवा. युनिटभर वीज, पाऊण किलोच्या आत.

म्हणून यजमानांचं "एका घराने काय होणार" हे मला अर्धंच पटतं. भारतीय माणसाची सरासरी वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकन माणसाची चौदा टनांच्या आसपास. तेव्हा जगाचा भार तुमच्या डोक्यावर नाही हे खरं. पण दोन टन ही सरासरी आहे. तिच्यात मेळघाटातलं घरही येतं आणि कोथरूडमधलंही. ज्या घरात गाडी, दोन एसी आणि वर्षाकाठी एक विमानाची सहल आहे, ते त्या सरासरीच्या आड लपू शकत नाही. गाडीचं तर नवऱ्यालाच विचारा: आठवड्यातून दोन दिवस मेट्रो, बस किंवा ऑफिसातल्या कुणाबरोबर गाडी वाटून घेतली तर वर्षाला चारशे किलोच्या आसपास उतरतात. तुमच्या यादीतल्या पिशव्या, ब्रश आणि चार्जर मिळूनही कार्बनच्या खात्यात एवढे उतरत नाहीत. स्कूटरला किलोमीटरमागे पन्नास ग्रॅम लागतात, एकट्याने चालवलेल्या गाडीला दीडशेच्या वर. ई-स्कूटर आपल्या कोळशाच्या विजेवरही वीस-पंचवीस ग्रॅममध्ये भागवते.

पण प्लास्टिक? इथे मला एक गोष्ट जरा सविस्तर सांगायची आहे, कारण सगळा गोंधळ इथून सुरू होतो. पर्यावरण हे एकच खातं नाही. कार्बनचं खातं वेगळं, पाण्याचं वेगळं, कचऱ्याचं वेगळं, हवेचं वेगळं. एका खात्यात जमा केलं म्हणून दुसऱ्या खात्यातलं कर्ज फिटत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली, तेव्हा तुंबलेल्या नाल्यांतल्या पातळ पिशव्यांवर बोट ठेवलं गेलं. नंतर पातळ पिशव्यांवर बंदी आली, २०१८ मध्ये राज्याने ती बरीच कडक केली, आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरायच्या अनेक वस्तू बंद केल्या. या सगळ्याचं कारण गटारं, गाई आणि नद्या हे आहे. ते कारण भक्कम आहे. हवामानबदलाशी त्याचा संबंध फार थोडा.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली सुपरमार्केटच्या पिशव्यांचा तयार होण्यापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडला. नुसतं हवामान धरलं तर सुती पिशवी पन्नासच्या वर वेळा वापरल्यावर तिथल्या नेहमीच्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करते. सगळे निकष धरून ज्यात ती सर्वांत मागे पडते तो निकष घेतला, तर आकडा ७,१०० वेळांवर जातो, आणि सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वर. हे मोठे आकडे फॉरवर्ड होऊन लोकांना घाबरवतात. ते मुख्यतः ओझोनच्या थराबद्दलच्या निकषामुळे आले आहेत आणि त्यात डॅनिश गाईने पिशवी खाल्ली तर काय, हा प्रश्नच नाही. पण मूळ मुद्दा पक्का आहे: कापूस पिकवायला, सूत काढायला, विणायला खूप काही लागतं. त्यामुळे प्रत्येक समारंभात, प्रत्येक परिसंवादात वाटल्या जाणाऱ्या नव्या कोऱ्या छापील कापडी पिशव्या हे पर्यावरणाचं काम नाही. माझ्या कपाटात अशा पिशव्यांची एक वेगळी पिशवी आहे. जुन्या पँटच्या पायाची किंवा फाटक्या साडीची शिवलेली पिशवी मात्र या सगळ्या गणिताच्या बाहेर आहे. तिच्यासाठी नवा कापूस लागलाच नाही. इथे सासूबाईंना पूर्ण गुण.

बांबूच्या ब्रशचंही कचऱ्याच्या खात्यात बघू. चौघांनी तीन-तीन महिन्यांनी प्लास्टिकचा ब्रश बदलला तर वर्षाला सोळा ब्रश, वजनाने जेमतेम अडीचशे-तीनशे ग्रॅम. रोज दोन दुधाच्या पिशव्या येत असतील तर वर्षाला सातशेच्या वर, वजनाने दोन-अडीच किलो. शिवाय बांबूच्या ब्रशचे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात. दुधाच्या पिशवीला भंगारात किंमत आहे. ती धुऊन वाळवून दिली आणि कोपरा पूर्ण न कापता पिशवीला चिकटलेला ठेवला, तर तुमचा ब्रशवरचा खर्च वाचवूनही कचऱ्याच्या खात्यात जास्त जमा होईल. ब्रश विकत घेताना मात्र काहीतरी केल्यासारखं वाटतं, पिशवी धुताना वाटत नाही.

ओला-सुका वेगळा करणं ही तुमच्या यादीतली सर्वांत दमदार सवय आहे, आणि ती दोन खात्यांत एकदम जमा होते. ओला कचरा ढिगाऱ्यात हवा न मिळता कुजला की मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस-तीस पट तापवणारा वायू. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा मिसळलेला कचरा किती वर्षं सोसला हे पुणेकरांना ठाऊक आहे. फक्त एक बघा: वेगळा केलेला ओला कचरा पुढे खतात जातो का, की सोसायटीच्या मागे एका बंद ड्रममध्ये वास मारत बसतो? वास येतो आहे म्हणजे आत हवा नाही. कोरडा पालापाचोळा किंवा कोकोपीट घाला, वरखाली करा.

अन्नाचं शास्त्र माझ्या धंद्यातलं नाही, त्यामुळे एकच सांगतो. ताटात टाकलेल्या भाताबरोबर खाचरातला मिथेन, पंपाची वीज आणि तुमचा गॅस असं सगळंच फेकलं जातं. सांडलेल्या पिठाला हळहळणाऱ्या सासूबाईंचा हिशेब इथेही चोख आहे. मात्र त्यांच्या काळातल्या सगळ्याच गोष्टी हिरव्या होत्या असं नाही. तांब्याच्या बंबात पेटवलेल्या लाकडांचा धूर घरातल्या बायकांच्याच छातीत जायचा. त्यांचा भार कमी होता कारण घरात वस्तू कमी होत्या आणि त्या टिकवून वापरल्या जायच्या.

आता एसी. लोक तापमानावरून वाद घालतात. विजेच्या उपकरणांना स्टार देणाऱ्या केंद्राच्या बीईई या संस्थेने १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या खोलीच्या एसीला २४ अंशांचं डीफॉल्ट सेटिंग बंधनकारक केलं, आणि त्यांच्याच मते एक अंश वाढवला की सहा टक्के वीज वाचते. चांगलं आहे, करा. सोबत पंखा लावा. पण एसीचा जो भाग माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे, तो मीटरवर येतच नाही. "गॅस भरून घेणे."

दर उन्हाळ्यात मेकॅनिक येतो, थंड होत नाही म्हणतो, गॅस भरतो, पैसे घेऊन जातो. पुढच्या उन्हाळ्यात तेच. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळलेला सगळा हवेत गेलाय. आउटडोअर युनिटवरची पट्टी वाचा. गॅसचं नाव आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. जुन्या एसीत आर-२२ असतो, एक किलो गळला तर साधारण १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. आर-४१०ए असेल तर दोन हजारांच्या वर. नव्यातला आर-३२ बराच बरा, तरी पावणेसातशे. एक किलो आर-३२ म्हणजे साडेनऊशे युनिट विजेएवढा भार, आणि दीड टनाचा फाइव्ह स्टार एसी लेबलवरचे १,६०० तास चालूनही वर्षाला साधारण तेवढी वीज खात नाही. थर्मोस्टॅटवरून घरात महिनाभर तंटा करून जे वाचवलं, ते मेकॅनिक एका दुपारी नळीची टोपी उघडून हवेत सोडून देऊ शकतो. म्हणून त्याला आधी गळती शोधायला सांगा: साबणाच्या पाण्याने जोड तपासायचे, गळका जोड ब्रेझिंग करून बंद करायचा, नायट्रोजन भरून प्रेशर धरतं का बघायचं, व्हॅक्यूम ओढायचा, आणि मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून पट्टीवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम भरायचे. हे करणारा मेकॅनिक जास्त पैसे घेतो. द्या.

इंडक्शनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. गॅसच्या शेगडीतली साधारण साठ टक्के उष्णता भांड्यात जाते, इंडक्शनची पंच्याऐंशीच्या आसपास. यावरून इंडक्शन हिरवं असं सांगितलं जातं. पण ती वीज आली कुठून? नुसता जळण्याचा हिशेब धरला तर भांड्यात एका युनिटाएवढी उष्णता पोचवायला गॅसला चारशे ग्रॅमच्या आत कार्बन पडतो आणि ग्रीडच्या विजेवरच्या इंडक्शनला आठशेच्या आसपास. आजच्या ग्रीडवर गॅस पुढे आहे. स्वयंपाकघरातल्या हवेच्या खात्यात मात्र इंडक्शन जिंकतं, आणि ग्रीड जसजसं सुधारेल तसं पहिलं गणितही फिरेल. पाणी तापवायला गॅस गीझरही कार्बनच्या हिशेबात विजेच्या गीझरपेक्षा हलका आहे, पण तो बंद बाथरूममध्ये लावू नका. कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली आहेत. गीझर बाहेर आणि पाइप आत, नाहीतर नको.

सोलर पॅनेलचं आकर्षण सध्या जोरात आहे. एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास देतं, फायद्याचंच आहे. मात्र पॅनेल बसवल्यावर "आता वीज आपलीच" म्हणून दुसऱ्या खोलीतही एसी लागलेला मी पाहतो. स्वीडनमधले पॅट्रिक सोर्कविस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी या विचारपद्धतीवर प्रयोग केले आहेत. साध्या घरांच्या वस्तीचा भार लोकांना विचारला. मग त्याच वस्तीत काही पर्यावरणपूरक घरं वाढवली आणि पुन्हा विचारलं. घरं वाढली, म्हणजे भार वाढायला हवा. लोकांनी तो कमी झाला असं सांगितलं. मनात बेरीज होण्याऐवजी सरासरी निघते. चुकीच्या जागी "इको" शिक्का मारलेली वस्तू विकली जाते ती यामुळेच: आधीच्या खरेदीचा दोष पुसला जातो असं वाटतं. जास्तीचा टी-शर्ट पुनर्वापर केलेल्या धाग्याचा असला, तरी तो जास्तीचाच असतो.

मग घरच्या घरी ठरवायचं कसं? बिलावरची वर्षभराची युनिटं, वर्षाचे सिलिंडर आणि गाडीत टाकलेलं पेट्रोल, एवढं एका कागदावर लिहा आणि वर दिलेल्या आकड्यांनी गुणा. विमानप्रवास केला असेल तर त्याच कागदावर. अर्ध्या तासाचं काम आहे. जो आकडा सर्वांत मोठा येईल त्याच्या मागे लागा, आणि बाकीच्या सवयी चालू राहू द्या. त्यांचा त्रास नाही. पंखे हा खात्रीचा मधला उपाय. साधा पंखा पंचाहत्तर वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीस-पस्तीस. जो पंखा सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी बदला, बहुधा तो हॉलमधला असतो. पाहुण्यांच्या खोलीतला तसाच राहू द्या.

राहिला फ्रीज. तो मोजल्याशिवाय बदलू नका. प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो, तो चोवीस तास लावून ठेवा. आधी दाराचं रबर तपासा: नोट दारात धरून दार लावा, नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलंय, आणि नुसतं ते बदलून वापर उतरू शकतो. एवढं करूनही दिवसाला दीड युनिटाच्या वर जात असेल तर बदला. आजचा अडीचशे लिटरचा चांगला फ्रीज अर्ध्या-पाऊण युनिटात भागवतो. वर्षाला तीनशे युनिट, म्हणजे दोनशे किलोच्या आसपास वाचतात, आणि नवा फ्रीज तयार होताना पडलेला भार दोनेक वर्षांत फिटतो. दिवसाला एक युनिटाच्या आत असेल तर अजून काही वर्षं वापरा. बदललात तर जुना गॅलरीत पाण्याच्या बाटल्यांसाठी ठेवू नका, त्यापेक्षा न बदललेला बरा. दारावरच्या भंगारवाल्यालाही देऊ नका. तो कॉम्प्रेसरच्या तांब्यासाठी नळी तोडतो आणि आतला गॅस तिथेच सुटतो. नवा घेताना दुकानदाराला विचारा की जुना अधिकृत ई-कचरा केंद्राकडे जाणार का, आणि त्याची पावती मागा.